उन्हाळी वर्गात सहाय्यक ताई-दादा म्हणून पहिल्यांदा जाताय?

डी.एल.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेच्या, पहिल्या वर्षाची परीक्षा संपली आणि मी एका संस्थेच्या उन्हाळी वर्गात सहाय्यक शिक्षिका म्हणून रुजू झाले. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला, पत्र्याच्या छपराची खोली, सत्तावीस मुलं, एक मुख्य शिक्षिका. त्यांना मुलं 'बाई' म्हणत आणि मला 'ताई'. पहिल्या दिवशी तीन तास मी फळ्याच्या उजव्या अंगाला खडू हातात धरून उभी होते. बाई बोलायच्या, मी मान डोलवायची. मध्येच एखादा शब्द फळ्यावर सुबक अक्षरात लिहायची. आपण फारच छान काम केलं असं वाटत होतं. मुलं गेल्यावर बाईंनी चप्पल घालता घालता विचारलं, "शेवटच्या रांगेतली हिरव्या फ्रॉकची मुलगी आज काय बोलली गं?"

हिरव्या फ्रॉकची मुलगी वर्गात होती हेच मला माहीत नव्हतं.

त्यानंतर तीन उन्हाळे हे काम केलं. आता दर मार्चमध्ये कॉलेजच्या धाकट्या मैत्रिणी फोन करतात, "ताई, काय काय लागतं? काय करायचं असतं?" दरवेळी तेच तासभर सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच काढते.

१. आधी कार्यक्रम कुठल्या जातीचा आहे ते ओळखा

'समर कॅम्प' या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळी कामं चालतात. एक छंदवर्ग: ओरिगामी, मातीकाम, नाच, पोहणं. फी भरून येणारी मुलं, एसी हॉल, शेवटच्या दिवशी पालकांसमोर कार्यक्रम. तिथे सहाय्यक म्हणजे सामान लावणं, रंग भरून देणं, मुलांना रांगेत बाथरूमला नेणं.

दुसरा प्रकार अभ्यासवर्गाचा. शाळेत मागे पडलेल्या मुलांना सुट्टीच्या तीन-चार आठवड्यांत वाचन आणि गणितात हात देणं हा त्याचा हेतू. हे वर्ग वस्तीतल्या समाजमंदिरात, जिल्हा परिषदेच्या किंवा मनपाच्या शाळेत, कधी देवळाच्या ओवरीत भरतात. इथे वेगवेगळ्या इयत्तांची मुलं एकत्र येतात आणि इयत्तेपेक्षा 'वाचता किती येतं' यावर गट पडतात. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान सुरू झालं, तेव्हापासून पायाभूत वाचन आणि संख्याज्ञान हे शब्द सगळ्यांच्याच तोंडी आहेत. त्यामुळे असे वर्ग तुम्हाला बरेच दिसतील.

मी या दुसऱ्या प्रकाराबद्दल लिहिते आहे. अर्ज करण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा: मुलं कुठल्या वयाची, एका खोलीत किती, आणि मुख्य शिक्षक रोज पूर्ण वेळ असतात का. तिसरा प्रश्न टाळू नका. काही ठिकाणी 'सहाय्यक' म्हणून घेतात आणि तिसऱ्या दिवसापासून अख्खा वर्ग तुमच्या गळ्यात पडतो. मानधन मात्र सहाय्यकाचंच.

२. कागदपत्रं मार्चमध्येच जमवा

आपल्याकडे शाळांना सुट्टी साधारण मेच्या सुरुवातीला लागते आणि जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, विदर्भात उन्हामुळे आणखी उशिरा. वर्ग या मधल्या काळात बसवायचे, म्हणून माणसं निवडायचं काम फेब्रुवारी-मार्चमध्येच सुरू होतं. जाहिरात बहुतेक वेळा कुठे छापून येत नाही. कॉलेजच्या फलकावर, समाजकार्य विभागात, नाहीतर फिरत फिरत कुणाच्या तरी व्हॉट्सॲपवर.

लागणारे कागद असे:

- आधार कार्ड आणि पॅन कार्ड, दोन्हींच्या झेरॉक्स
- बारावीची गुणपत्रिका. डी.एल.एड., बी.एड. किंवा बी.ए. चालू असेल तर कॉलेजचं बोनाफाइड
- पासपोर्ट आकाराचे चार फोटो (दोन मागतात, दोन हरवतात)
- बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स किंवा रद्द केलेला चेक
- पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला
- ओळखीच्या दोन माणसांची नावं आणि नंबर. एक तरी शिक्षक किंवा प्राध्यापक असावेत, मामा-काका नकोत

सगळ्यात वेळ खातो तो पोलिसांचा दाखला. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन अर्ज होतो, पण पुढे पोलीस ठाण्यात जावं लागतं, आणि आधारवरचा पत्ता एक नि राहता पत्ता दुसरा असेल तर प्रकरण लांबतं. गावाहून पुण्यात आलेल्या मुलींचं हेच होतं. भाडेकरार किंवा हॉस्टेलचं पत्र आधीच काढून ठेवा. पंधरा-वीस दिवस तरी हाताशी धरून चाला. एखादी संस्था हा दाखला मागतच नसेल तर 'बरं झालं, कटकट गेली' असं म्हणू नका. लहान मुलांमध्ये काम करणाऱ्या माणसाची जी चौकशीही करत नाही, ती संस्था बाकीच्या बाबतीतही तशीच ढिली असते, असा माझा अनुभव.

३. मानधन: लाज सोडून विचारा, लेखी घ्या

या कामात पगार नसतो, 'मानधन' असतं. त्या शब्दातल्या 'मान'मुळे 'धन' विचारायला आपल्याला संकोच वाटतो. पहिल्या उन्हाळ्यात मी काहीच विचारलं नाही. प्रशिक्षणाचे दोन दिवस धरलेच नाहीत, एक दिवस ताप आला म्हणून गेले नाही तर त्याचे पैसे कापले, आणि उरलेले हातात पडले तेव्हा गणपती आले होते. भांडायला कागदच नव्हता.

म्हणून विचारा: रक्कम रोजाची की एकरकमी? प्रशिक्षणाचे दिवस त्यात धरलेत का? बसभाडं वेगळं मिळतं का? तक्ते, स्केचपेन, खाऊ यांवर तुम्ही खर्च केला तर बिल कुणाला द्यायचं? पैसे कधी जमा होणार? उत्तरं तोंडी मिळाली तर त्याच संध्याकाळी मेसेज टाका, "मॅडम, आज बोलल्याप्रमाणे असं असं ठरलं, बरोबर ना?" त्यावर 'हो' आलं की तो तुमचा कागद.

४. पिशवी भरून ठेवा

संस्था साहित्य देते, पण ते दुसऱ्या आठवड्यात येतं. माझ्या पिशवीत हे असायचं: बिनटोकाच्या दोन कात्र्या, सुतळी, कपडे वाळत घालायचे चिमटे (सुतळीवर मुलांची चित्रं अडकवायला), जुनी वर्तमानपत्रं, पन्नासेक चिंचोके, आइसक्रीमच्या शंभर काड्या आणि रबर बँड, खडूची पेटी, सेफ्टी पिना, चिकटपट्टी, कापूस, ओआरएसची चार पाकिटं, एक जुना टॉवेल. आणि खिशात मावेल अशी छोटी वही. ती वही कशाला ते पुढे येईलच.

मोबाइल त्या पिशवीत तळाशी जाऊ द्या. मुलांच्या हाती एकदा पडला की वर्ग संपला.

५. पहिले दोन दिवस: चाचणी घेताना

वर्ग सुरू होताना प्रत्येक मुलाला किती वाचता येतं हे पाहिलं जातं, आणि हे काम हमखास सहाय्यकाकडे येतं. बहुतेक ठिकाणी 'असर' पाहणीसारखा कागद वापरतात. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून चालत आलेली ही पाहणी. तिच्यात एका पानावर अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद आणि थोडी मोठी गोष्ट असते. सुरुवात परिच्छेदापासून करायची. मूल सलग वाचत असेल, चुका तीनपेक्षा जास्त नसतील, तर गोष्ट द्यायची. अडखळत असेल तर खाली यायचं, शब्दांवर. पाचपैकी चार शब्द आले तर शब्दपातळी, नाहीतर अक्षरं. ज्याला अक्षरंही येत नाहीत तो प्रारंभिक.

एका मुलाला पाच मिनिटं पुरतात. फसायच्या जागा मात्र तीन आहेत.

पहिली जागा, पाठांतर. तिसरीतला एक मुलगा माझ्यासमोर येऊन बसला आणि पहिलीच्या पुस्तकातली कविता घडाघडा म्हणाला. बोट ओळीवरून फिरत होतं, आवाज खणखणीत. मी वहीत 'परिच्छेद' लिहिणार इतक्यात लक्षात आलं की कविता संपली तरी बोट अजून दोन ओळी वरच होतं. मी मधल्या एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, "हा कुठला?" त्याने पहिल्या ओळीपासून पुन्हा म्हणायला सुरुवात केली आणि त्या शब्दापाशी येऊन थांबला. बिचाऱ्याला अक्षरं जेमतेम दहा येत होती. तीन वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण कुणी मधल्या शब्दावर बोट ठेवलंच नव्हतं. म्हणून चाचणीला नेहमी अनोळखी मजकूर घ्या.

दुसरी, भीती. 'परीक्षा' हा शब्द उच्चारू नका. मुलाला भिंतीकडे तोंड करून, बाकीच्यांकडे पाठ करून बसवा. मागून कुणी 'अरे त्याला येत नाही' म्हणालं की संपलं. आणि समोर टेबल-खुर्ची नको, तुम्ही पण सतरंजीवर मांडी घाला.

तिसरी, मदत करायचा मोह. मूल 'पा... पा...' करत असतं आणि आपल्या तोंडून 'पाऊस' निघून जातं. ओठ मिटून ठेवा. मी तर खालचा ओठ दातात धरायचे.

६. फळ्यापासून लांब जा

पहिल्या दिवशीचा बाईंचा प्रश्न मला कळायला आठवडा लागला. बाई फळ्यापाशी असतात, तेव्हा त्यांना पहिल्या दोन रांगा दिसतात. उत्तरं देणारी तीच सात-आठ मुलं. उरलेली मुलं काय करतात? ओठ हलवतात. शेजाऱ्याच्या पाटीवरून उतरवतात. किंवा कुणाला त्रास न देता तीन तास शांत बसून घरी जातात. त्यांच्यात जाऊन बसणं हे तुमचं काम. बसणं म्हणजे अक्षरशः बसणं, खाली, त्यांच्या रांगेत, फळा त्यांना जसा दिसतो तसा बघत. हे केलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की दहानंतर खिडकीतलं ऊन फळ्यावर पडतं आणि मागून एक अक्षर दिसत नाही. बाईंना सांगितलं. फळा हलवला.

छोटी वही इथे कामी येते. रोज तीनच मुलं निवडा. प्रत्येकाबद्दल एक ओळ. 'हुशार आहे', 'लक्ष नाही' असलं काही लिहायचं नाही. पाहिलं ते लिहायचं. माझ्या वहीतल्या ओळी अशा: 'भ आणि म मध्ये गोंधळ.' 'वेलांटी पहिली की दुसरी, दोन्ही सारखीच वाचते.' 'गोष्ट ऐकताना पुढे सरकला, पुस्तक दिलं की मागे सरकला.' सत्तावीस मुलांचा सगळा वर्ग नऊ दिवसांत फिरून होतो आणि बाईंशी बोलायला तुमच्याकडे काहीतरी ठोस असतं.

वाचनात अडकण्याच्या जागा बहुतेक ठरलेल्या आहेत. 'र' ही त्यातली सगळ्यात अवघड. 'सूर्य'मध्ये तो डोक्यावर बसतो, 'चक्र'मध्ये पायाशी तिरका, 'ट्रक'मध्ये खाली टोपीसारखा, आणि 'दऱ्या', 'वाऱ्यावर' यांत मध्येच आडवा होतो. मोठ्यांना हे दिसतच नाही इतकं अंगवळणी पडलंय. मुलाला मात्र ही चार वेगळी चिन्हं वाटतात. एका वेळी एकच रूप घ्या, त्याचे पाच-सहा शब्द वर्तमानपत्रातून कापून काढायला सांगा. कात्री हातात आली की मुलं अर्धा तास मान वर करत नाहीत. मथळ्यांत 'मुख्यमंत्री', 'केंद्र', 'महाराष्ट्र' हे शब्द रोज सापडतात, त्यामुळे रकाराला निदान वर्तमानपत्राचा तुटवडा नाही.

दुसरी जागा च, ज, झ ची. 'चार'मधला च वेगळा आणि 'चाक'मधला वेगळा, पण लिहायचा एकच. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला हे आपोआप येतं. घरी हिंदी बोलणारं मूल 'चाक' हा शब्द 'चार'सारखा वाचेल. ती वाचनाची चूक नाही, त्याने अक्षर बरोबर ओळखलंय. 'बरोबर, आणि आपण त्याला असं म्हणतो' एवढंच सांगा आणि पुढे चला.

बोलीचंही तसंच. 'पानी', 'न्हाई', 'व्हय' म्हणणाऱ्या मुलाला गोष्ट सांगताना मध्येच थांबवून 'पाणी म्हण, ण म्हण' केलंत तर तो दुसऱ्या दिवसापासून गोष्ट सांगणार नाही. लिहिताना बघू. आधी त्याला बोलू दे.

पुण्याच्या कडेच्या वर्गांत बांधकामावरच्या मजुरांची मुलं असतात. त्यांच्या घरी कन्नड, तेलुगू, भोजपुरी, बंजारा असं काहीही बोललं जातं. मराठवाड्यातल्या वर्गांत ऊसतोडीवरून परतलेली मुलं भेटतील. तोडणीचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, म्हणजे अर्धी शाळा फडात गेलेली. अशा मुलाला 'चौथीत आहेस आणि हे येत नाही?' असं विचारणं क्रूरपणाचं आहे. त्याला कोयत्याची धार, बैलांची नावं, कारखान्याच्या काट्यावरची रांग हे सगळं येतं. त्याच शब्दांपासून सुरुवात करा. फड, मोळी, गाडी, बैल. मोळी हा शब्द एका मुलीने पहिल्याच दिवशी लिहिला. तिला 'कमळ' अजून येत नव्हतं.

७. गणितात: एकोणसाठ म्हणजे किती?

बाईंनी सांगितलं 'एकोणसाठ लिहा', आणि मागच्या रांगेत मी पाटी बघितली तर ६९. दुसऱ्या पाटीवरही ६९. यात मुलांचा दोष थोडा आणि आपल्या भाषेचा जास्त. कानावर 'साठ' पडतं, मूल सहा लिहितं. 'एकोण' म्हणजे एक कमी हे त्याला कुणी फोडून सांगितलेलं नसतं. बावन्नचंही तसंच: आधी 'बा' ऐकू येतो, म्हणून आधी २ लिहिला जातो आणि पाटीवर २५ उमटतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनपद्धत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला, विषय पार विधिमंडळात गेला. वाद काहीही असो, मागच्या रांगेत बसल्यावर ते कुणी आणि का सुचवलं असेल हे लगेच कळतं. मी दोन्ही म्हणायचे: "बावन्न. पन्नास आणि दोन." हळूहळू दुसरा भाग गाळायचा.

वजाबाकीसाठी काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधा. ५२ मधून २७ घालवायचे तर बरीच मुलं ३५ लिहितात. का? दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन घालवले, झालं काम. हे फळ्यावर दहा वेळा समजावून उपयोग नाही. मुलापुढे पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या ठेवा आणि सात मागा. ते दोन देईल, मग तुमच्या तोंडाकडे बघेल, मग जुडीकडे बघेल. इथे गप्प बसा. रबर बँड सोडायला त्याचा हात आपण होऊन पुढे गेला पाहिजे. तो आवाज, रबर सुटल्याचा 'टप्प', ऐकला की समजा पुढची वजाबाकी त्याची तो करेल. एका मुलीने तर रबर मनगटात घातला आणि "आता ही जुडी नाय, सुट्या झाल्या" असं मलाच सुनावलं.

८. बाईंशी जमवून घेताना

मुख्य शिक्षक फळ्यावर चुकले तर वर्गासमोर बोलू नका. आमचं ठरलेलं होतं: मी डस्टर मागायला जायचे आणि हळूच सांगायचे. तुमचं काहीही ठरवा, पण पहिल्या दिवशीच ठरवा.

मुलं चलाख असतात. बाईंनी 'नाही' म्हटलं की तुमच्याकडे येतात, "ताई, पाणी प्यायला जाऊ?" एकदा तुम्ही 'जा' म्हणालात की रांग लागते. 'बाईंना विचारलंस?' हे वाक्य जिभेवर ठेवा.

आणि वर्ग सुटल्यावर दहा मिनिटं थांबा. वही उघडा, तीन मुलांच्या तीन ओळी वाचून दाखवा. उद्या कुणाला कुठल्या गटात बसवायचं हे तेव्हाच ठरतं. बाईंना घाई असेल तर गेटपर्यंत चालत चालत सांगा.

९. "मारा हो ताई, बिनधास्त मारा"

हे वाक्य तुम्हाला पालकांकडून ऐकायला मिळेलच. आई दारात सोडते आणि पोराच्या देखत तुम्हाला परवानगी देऊन जाते. हसून सोडून द्या, पण मारू नका. धपाटा नाही, कान नाही, अंगठे धरून उभं करणं नाही, 'मठ्ठ' म्हणणं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ मध्ये शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. वर्ग शाळेत भरो की समाजमंदिरात, तुम्ही तोच नियम धरून चाला.

गोंधळ बहुतेक वेळा साडेनऊनंतर होतो आणि त्याचं कारण पोटात असतं. बरीच मुलं चहावर आलेली असतात. खाऊची वेळ अकराची असेल तर ती अलीकडे घ्यायला बाईंना सुचवा. गूळ-फुटाणे, राजगिऱ्याचा लाडू, केळं. शेंगदाणे देण्याआधी कुणाला त्रास होतो का ते पालकांना विचारून यादीत लिहून ठेवा. आमच्याकडे खाऊ अर्धा तास अलीकडे आणला आणि रोजची एक मारामारी बंद झाली.

१०. ऊन, दार आणि हजेरी

यात चालढकल नको.

पत्र्याखाली दहानंतर भट्टी होते. दर अर्ध्या तासाने सगळ्यांनी पाणी प्यायचं, तहान लागो न लागो. डोकं दुखतंय, मळमळतंय, चक्कर येतेय असं मूल म्हणालं की सावलीत, ओल्या टॉवेलने अंग पुसा, शुद्धीवर असेल तर घोटघोट ओआरएस द्या आणि पालकांना फोन करा. अंग तापलंय आणि मूल गुंगल्यासारखं वागतंय, तर वाट न बघता १०८ ला फोन करा. मैदानी खेळ साडेआठच्या आत संपवा.

बंद खोलीत एका मुलासोबत एकटं बसू नका. चाचणी घेतानाही दार उघडं. लहान मुलांना बाथरूमला नेताना दोघा-तिघांना एकत्र न्या, तुम्ही बाहेर थांबा. मुलांचे फोटो काढून स्टेटसला टाकू नका. पालकांची लेखी परवानगी असली तरी ते फोटो संस्थेच्या कामासाठी असतात, आपल्या लाइक्ससाठी नाहीत.

सुटताना कोण न्यायला येणार ते पहिल्या दिवशीच यादीत लिहून घ्या. आज आईऐवजी 'काका' आलेत आणि यादीत काका नाहीत, तर फोन होईपर्यंत मूल तुमच्यापाशी. काका चिडतील. चिडू देत.

एखादं मूल तुम्हाला असं काही सांगेल किंवा दिसेल की त्याच्याशी कुणीतरी वाईट वागतंय, तर खोदून खोदून विचारू नका, 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. शांतपणे ऐका, त्याचेच शब्द लिहून ठेवा आणि त्याच दिवशी मुख्य शिक्षक व संस्थेच्या जबाबदार माणसाला सांगा. लैंगिक अत्याचाराची नुसती शंका असली तरी पोक्सो कायद्याने (२०१२) कळवणं बंधनकारक आहे, आणि ते सहाय्यकालाही लागू आहे. कुणी 'प्रकरण वाढवू नका' म्हणालं तरी पोलीस ठाणं आहे, आणि चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर चोवीस तास चालतो. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

११. शेवटच्या आठवड्यात

पहिल्या दिवसाचीच चाचणी पुन्हा घ्यायची असते, नवा मजकूर घेऊन. इथे आकडे फुगवण्याचा दबाव येतो, कधी उघड, कधी 'अगं, त्याला येतं तसं, आज घाबरलाय' या स्वरूपात. जे ऐकलंत तेच लिहा. अक्षरावरून शब्दावर आलेलं मूल तीन आठवड्यांत खूप चाललेलं असतं. त्याला 'गोष्ट' गटात टाकलंत तर जूनमध्ये त्याचे शाळेचे शिक्षक त्या कागदावर विसंबतील आणि पोर पुन्हा मागच्या रांगेत ओठ हलवत बसेल.

हिरव्या फ्रॉकची मुलगी त्या पहिल्या उन्हाळ्यात प्रारंभिकवरून शब्दापर्यंत आली. वाचताना तिचा आवाज मला शेवटपर्यंत वाकूनच ऐकावा लागला.

वहीतल्या ओळी मुलांच्या नावांनिशी बाईंकडे द्या. घरी नेऊ नका, त्या मुलांच्या खाजगी गोष्टी आहेत. उरलेलं साहित्य मोजून परत करा आणि पोच घ्या.

निरोपाच्या दिवशी गडबड फार असते, म्हणून अनुभवाचं पत्र आदल्या दिवशीच मागा. त्यात तारखा, एकूण दिवस, रोजचे तास, मुलांचा वयोगट आणि तुम्ही केलेलं काम हे सगळं असू द्या. 'उत्साहाने सहभाग घेतला' एवढंच लिहिलेल्या पत्राला पुढे नोकरीच्या वेळी कुणी विचारत नाही. सही-शिक्का बघा. आणि तिथेच उभं राहून आपलं नाव वाचून घ्या. माझ्या पहिल्या पत्रावर आडनाव दुसरीचंच पडलं होतं, आणि ते दुरुस्त होऊन यायला दिवाळी उजाडली.